नववा लागला

गरोदर बाईचे महिने मोजायच्या आमच्याकडे तीन तऱ्हा आहेत. सरकार शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आठवडे मोजतं. सासू पाळी चुकली की एक धरते आणि पुढे बोटांच्या पेरांवर मोजत जाते. आणि जिच्या पोटात मूल असतं ती शेतावरून मोजते. पऱ्हाटीचं, म्हणजे कपाशीचं, पहिलं निंदण झालं तेव्हा आली होती, मग नाही आली, असं सांगते. या तिन्ही हिशोबांचा मेळ घालून एक तारीख काढायची, ती कार्डावर लिहायची आणि त्या तारखेपर्यंत बाई धड राहील हे पाहायचं, हे माझं काम. एकतीस वर्षं मी ते केलं. सौंसर आणि पांढुर्ण्याच्या मधल्या पाच गावांचं मिळून एक उपकेंद्र होतं, तिथे मी एएनएम होते. सोप्या भाषेत सरकारी सुईण, फक्त हातात गरम पाण्याच्या भांड्याऐवजी रजिस्टर.

आमचं राज्य मध्य प्रदेश, बोली वऱ्हाडी आणि रजिस्टर हिंदीत. बाई मला सांगायची, पाय सुजून राहिले जी, आणि मी लिहायचे, "पैरों में सूजन". नोकरीच्या सुरुवातीला ते विचित्र वाटायचं, मग सवय झाली. हे आधीच सांगून ठेवते, कारण त्या रजिस्टरातल्या दोन हिंदी शब्दांशी पुढे काम पडणार आहे.

लोकांना वाटतं, नर्सबाईचं कठीण काम म्हणजे बाळंतपण. ते तसं नाही. बाळंतपण एका दिवसात होतं, त्या आधीचे नऊ महिने कठीण. गरोदर बाई स्वतःला आजारी समजत नाही आणि घरचेही समजत नाहीत. आमच्या मायनं कापसाचं ओझं उतरवलं आणि बांधावरच मला जन्म दिला, असं छातीवर हात ठेवून सांगणाऱ्या म्हाताऱ्या मला गावोगावी भेटल्या. तुमच्या वेळच्या बाळंतपणात गेलेल्या बायका कोणकोणत्या, असं विचारलं की मात्र त्या लुगड्याचा पदर नीट करायला लागायच्या.

मी बौद्ध घरातली. माझ्या हातचं पाणी न पिणारी दोन-चार घरं माझ्या पाच गावांत शेवटपर्यंत होती. त्याच घरांतल्या सुनांच्या पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं वर आहे की खाली, हे मीच सांगायचे. जाताना हात धुवायला पाणी ते आठवणीनं द्यायचे. मी हसून हात धुवायचे. भांडत बसले असते तर पुढच्या खेपेला दार उघडलं नसतं, आणि आत एक सून होती.

एक जिंकलेली लढाई सांगते. अशा फार नाहीत, म्हणून आधीच सांगून घेते. एका गावात संत्र्याचे एक मोठे बागायतदार होते, सगळे त्यांना आबाजी म्हणत. त्यांच्या सुनेचं रक्त फार कमी. लोहाच्या गोळ्या मी द्यायचे आणि ती त्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे फेकायची, कारण गोळीनं पोरगं काळं होते असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मी समजावून थकले. एक दिवस आबाजी बागेत हिराकस, म्हणजे झाडाचं लोह, फवारायची तयारी करत होते. संत्र्याची कोवळी पानं पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या की झाडाला लोह कमी पडलं, हे आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगतं. त्यांच्या हातात तसंच एक पिवळं पान होतं, ते मी घेतलं, घरात गेले, सुनेला उजेडात बसवलं आणि तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आबाजींना दाखवली. आत लाल पाहिजे तिथे कागदासारखं पांढरं होतं. त्यांनी पानाकडे पाहिलं, पापणीकडे पाहिलं. मग म्हणाले, "झाडाले पंधरा दिवसात फरक पडते. हिले किती लागतीन?" मी म्हटलं, तीन महिने. त्या दिवसापासून ते रोज जेवण झाल्यावर सुनेसमोर पाट टाकून बसायचे आणि गोळी गिळल्याशिवाय उठायचे नाहीत. तिला मुलगी झाली, चांगली गोरीपान. गोळीची बदनामी त्या गावात तरी थांबली.

पण लोहापेक्षा कठीण गोष्ट म्हणजे आठवा महिना.

सातव्याचं जगते, आठव्याचं जगत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. म्हणून सात महिने पूर्ण होऊन आठवा लागला की बाईनं गावाची वेस ओलांडायची नाही. माहेरी जायचं नाही, बाजाराला जायचं नाही, दवाखान्यातही नाही. माहेरी न्यायचं तर सातव्यात न्या, नाहीतर नववा लागल्यावर न्या. मधला महिना बंद. घरातली सगळी माणसं तो महिना जीव मुठीत धरून काढतात. सून जरा कण्हली तरी सासू चुलीपुढून उठून येते. यात प्रेम नसतं असं मी म्हणणार नाही.

अडचण एवढीच की गरोदरपणातला रक्तदाब नेमका याच दिवसांत डोकं वर काढतो. आधी पाय सुजतात, मग हात, मग तोंड. लघवीत पांढरं जायला लागतं. आम्ही पूर्वी काचेच्या नळीत लघवी घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो, त्यात नासलेल्या दुधासारखं काही दिसलं की समजायचं. आता कागदाची पट्टी आली, ती रंग बदलते. पुढे डोकं दुखतं, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, छातीखाली पोटाच्या वरच्या भागात दुखतं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे झटके. झटके आले की आई आणि बाळ दोघांचंही सांगता येत नाही. तेव्हा यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं, हा नियम. आणि मोठा दवाखाना वेशीबाहेर.

युक्ती मला कोणी शिकवली नाही. नोकरीला सात-आठ वर्षं झाली असतील. एका बाईच्या अंगावरून जात होतं, तिला हलवणं भाग होतं आणि तिची सासू दारात आडवी उभी होती. "कितवा लागला?" तिनं मला विचारलं. मी म्हणणार होते आठवा, आणि तोंडून निघालं, "नववा लागला." सासूनं एकदा माझ्याकडे पाहिलं, आत गेली आणि पिशवी भरायला लागली. बाई वाचली, मूलही वाचलं. त्यानंतर मी हे खोटं ठरवून बोलायला लागले. तुमची मोजणी बोटांची, दवाखान्याची मशीनची, मशीनमध्ये एक महिना पुढे निघतो, असं मी सांगायचे. मशीनपुढे कोणाचं काही चालत नाही.

एक सासू फार हुशार होती. ती दर महिन्याला डब्यात एक चिंचोका टाकायची. मी नववा म्हटल्यावर तिनं डबा आणून माझ्यासमोर पालथा केला. सात चिंचोके होते. मी म्हटलं, एखादा उंदरानं नेला असेल. "उंदराले चिंचोके आवडते हे आजच आयकलं जी," ती म्हणाली, पण सुनेला पाठवलं. गाडीत बसताना ती माझ्याकडे पाहून हसली. तिला सगळं कळलं होतं असं मला आजही वाटतं.

अशा किती बायकांना मी वेशीबाहेर काढलं, मोजलं नाही. सगळ्या परत आल्या. म्हणून मला त्यात पाप वाटलं नाही, उलट गर्वच वाटायचा. नव्या पोरी नोकरीला लागल्या की मी त्यांना हे शिकवायचे. पुस्तकात नाही, पण लिहून घ्या, म्हणायचे.

आता प्रणालीचं सांगते.

प्रणाली लग्न होऊन माझ्या उपकेंद्राच्या गावात आली तेव्हा वीस वर्षांची होती. माहेर सीमेच्या पलीकडे महाराष्ट्रात, आमच्याकडून बसनं दीड तास. सासरी थोडी संत्र्याची झाडं, थोडी पऱ्हाटी, नवरा गावोगावी पंप दुरुस्तीला जाणारा, आणि सासू सुमनबाई, जी तोंडानं फटकळ आणि मनानं भित्री. प्रणाली बारावी झालेली होती. रक्तदाबाचा पट्टा बांधला की ती काटा पाहायची, वरचा किती, खालचा किती विचारायची आणि घरी जाऊन कॅलेंडरवर लिहायची. पाळीची तारीखही तिला पक्की ठाऊक होती. मे महिन्याचा शेवटचा आठवडा. माझ्या सगळ्या नोकरीत मला इतकी चोख तारीख सांगणाऱ्या बायका फार भेटल्या नाहीत. मला ती आवडायची. खरं सांगायचं तर माझ्या स्वतःच्या मुलीपेक्षा ती माझं जास्त ऐकायची.

सातव्यात तिची ओटी भरली. तेव्हाच आई तिला माहेरी नेणार होती, पहिलं बाळंतपण माहेरीच करायची रीत. पण आईकडे कापसाची वेचणी ऐन भरात होती, मजूर मिळत नव्हते. वेचणी आटोपली की नेते, असा तिचा निरोप आला. तेवढ्यात आठवा लागला आणि दार बंद झालं.

संक्रांत आठवड्यावर आली होती. लसीकरणाच्या दिवशी प्रणाली अंगणवाडीत आली तेव्हा तिच्या बांगड्या हातात रुतल्या होत्या. मी पट्टा बांधला. वरचा दीडशेच्या पुढे, खालचा शंभर. थोडं बसवून पुन्हा घेतला, तेवढाच. लघवीच्या पट्टीनं रंग बदलला. मी तिला घेऊन तिच्या घरी गेले आणि सुमनबाईला सांगितलं, आजच मोठ्या दवाखान्यात न्यायचं आहे.

सुमनबाई म्हणाली, आठवा लागला आहे, महिनाभर कुठं नेणं नाही. तुम्हाला माहीत नाही का?

मी नेहमीचं वाक्य बोलले. "आठवा कुठला, नववा लागला."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. तिला तारीख पाठ होती. मला वाटलं आता बोलते की काय. पण ती खाली मान घालून ओठातल्या ओठात हसली. तिला दवाखान्याचं फारसं काही नव्हतं. नववा म्हटल्यावर माहेरी जाता येईल, हे तिच्या लक्षात आलं होतं. माझ्या ते लक्षात आलं नाही. इतकी वर्षं मी दार उघडायची युक्ती वापरली, पण उघडल्या दारातून बाई आणखी कुठे जाऊ शकते याचा विचार मी कधी केला नव्हता.

मी गाडी बोलावली, त्यांच्यासोबत गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या सुरू केल्या, सोनोग्राफी झाली. दाखल करू म्हणाले. सुमनबाई रडायला लागली, नवऱ्यानं हात जोडले. दोन दिवसांनी रक्तदाब उतरला तेव्हा डॉक्टरांनी घरी सोडलं आणि बजावलं की गोळ्या चुकवायच्या नाहीत, आठवड्यानं दाखवायचं, डोकं दुखलं की थेट यायचं. सोनोग्राफीच्या कागदावर इंग्रजीत बरोबर लिहिलेलं होतं, बत्तीस आठवडे. तो कागद कार्डासोबत पिशवीत गेला. घरात इंग्रजी फक्त प्रणालीला वाचता येत होतं.

आठवड्यानं मी तिच्या घरी गेले तर सुमनबाई एकटीच अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. सून कुठे, विचारलं. माहेरी गेली, म्हणाली. संक्रांतीच्या आदल्या दिवशी आई येऊन घेऊन गेली.

मी चिडले. कोणाला विचारून पाठवलं, म्हटलं.

सुमनबाईनं शेंगा बाजूला सारल्या. "तुमीच तं म्हटलं नर्सबाई, नववा लागला म्हणून. मंग नववा लागल्यावर माहेरी नाही तं कुठं पाठोतेत?"

तिचं बरोबर होतं. कार्डाची पिशवी खुंटीला तशीच टांगलेली होती, जाताना कोणाच्या लक्षातच आली नाही. गोळ्या मात्र नेल्या होत्या.

मी तिथूनच प्रणालीच्या आईला फोन लावला. बेबीबाई तिचं नाव. मजुरी करणारी, आवाजात फार मान देणारी बाई. मी विचारलं, पायावर सूज आहे का, गोळ्या घेते का. घेते म्हणाली. डोकं दुखलं तर लगेच दवाखान्यात न्या म्हटलं. हो जी, हो जी, म्हणाली. तिथल्या नर्सबाईकडे नाव लिहवा म्हटलं. हो जी, सोमवारी जातो, म्हणाली.

मला एक वाक्य आणखी बोलायचं होतं. ते असं की, बेबीबाई, हा आठवा महिना आहे, नववा मी खोटं सांगितलं. मी बोलले नाही. तेव्हा मी स्वतःला असं समजावलं की हे सुमनबाईसमोर उघडं पडलं तर उद्या पाच गावांत पडेल, मग पुढच्या बाईला वेशीबाहेर कोणत्या तोंडानं काढू? हे कारण खोटं नव्हतं. पण खरं कारण लाज हे होतं. इतकी वर्षं नर्सबाई कधी खोटं बोलत नाही, अशी माझी ख्याती होती. अंगणात बसलेल्या सुमनबाईसमोर ती सोडून द्यायची हिंमत मला झाली नाही. फोन ठेवला.

उपकेंद्रात येऊन मी रजिस्टर उघडलं. जोखमीच्या बायकांचं पान वेगळं असतं, त्यात प्रत्येकीसमोर दर आठवड्याला काय केलं ते लिहायचं असतं. प्रणालीच्या नावापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "मायके गई". हे दोन शब्द लिहिले की त्या बाईची जबाबदारी कागदावर तरी संपते. मी हे दोन शब्द शेकडो वेळा लिहिले असतील. त्या दिवशी लिहिताना मला हलकं वाटलं होतं, हे मी लपवणार नाही.

पाचव्या दिवशी दुपारी सुमनबाईचा मुलगा उपकेंद्राच्या दारात आला. त्यानं दारातूनच सांगितलं. प्रणाली नागपूरला नेताना रस्त्यातच गेली होती. पोटातलं मूलही गेलं. मुलगा होता असं नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी बसनं तिच्या माहेरी गेले. माझी लेक म्हणत होती, जाऊ नको, लोक काहीबाही बोलतील. कोणी काही बोललं नाही. एका खोलीचं घर होतं, बाहेर बाया बसल्या होत्या. बेबीबाईनं मला पाहिलं आणि उठून माझ्यासाठी सतरंजी झटकली. त्या बाईनं सतरंजी झटकली, तेव्हाच मला परत फिरावंसं वाटलं.

तिनं मला सगळं क्रमानं सांगितलं. सकाळी उठल्यापासून पोरगी डोकं दुखते म्हणत होती. मग पोट दुखायला लागलं, वर, छातीखाली. बेबीबाईनं विचार केला, नववा आहे, दिवस भरत आलेत, म्हणजे कळा सुरू झाल्या. पहिलटकरणीला वेळ लागतो, सगळ्या बायांनी तेच सांगितलं. गावातल्या गाडीवाल्याला सांगून ठेवलं की कळा जवळ आल्या की निघू. पाणी तापवलं, कंबरेला तेल लावलं. बाई हयगय करणारी नव्हती. नवव्या महिन्यात जे करायचं ते सगळं तिनं नीट केलं. दुपारी पोरगी म्हणाली, दिसत नाही नीट. आणि मग झटका आला.

"आठवा असता तं मी भेली असती," बेबीबाई म्हणाली. "आठव्यात जरा दुखलं तरी आमी पोरीले घेऊन धावतो जी. वेस नाही पाहत मंग. पण नववा होता, म्हून मी वाट पाहत बसली."

मला ऐकू येत होतं, पण मी कुठे बसले आहे ते कळत नव्हतं. आठव्या महिन्याच्या भीतीला मी आयुष्यभर अडाणीपणा म्हणत आले. त्या भीतीच्या आत एक राखण होती, हे मला त्या सतरंजीवर कळलं. दुखलं की धावायचं, ही शिस्त त्या भीतीनंच बायकांना लावली होती. मी भीती काढून घेतली आणि तिच्या जागी काही ठेवलं नाही.

बेबीबाई पुढे म्हणाली, "पोरगी म्हणत होती, आई, माझे दिवस नाही भरले अजून, या कळा नाही होत. मी म्हटलं, गप. तुह्यापेक्षा नर्सबाईले जास्त समजते."



ती थोडा वेळ पदराशी चाळा करत राहिली. मग तिनं अगदी हळू विचारलं, "नववाच होता नं जी?"

तिला काय पाहिजे होतं ते माझ्या लक्षात आलं होतं. तिची पोरगी खरं बोलत होती आणि तिनं तिला गप केलं, एवढं तिला ऐकायचं नव्हतं. किंवा तेच ऐकायचं होतं, मला आजही ठरवता येत नाही. मी म्हटलं, "हो. नववाच होता."

तिनं मान हलवली. मग उलट माझ्याच पाठीवर हात ठेवला. तुम्ही तर रोज फोन करत असता, तुमचा काय दोष, म्हणाली. मी फोन एकदाच केला होता. तिनं कपात चहा आणून दिला आणि मी तो प्यायले. पूर्ण प्यायले.

पुढचं थोडक्यात सांगते. ती गेली माहेराहून नागपूरच्या वाटेवर, नाव होतं सासरच्या यादीत. माहेरच्या यादीत तिचं नाव चढायचंच होतं, सोमवार यायच्या आत ती गेली. माझ्या रजिस्टरात ती "मायके गई" होती. वर्षाच्या शेवटी अहवाल मीच भरला. मातामृत्यूच्या रकान्यात काय लिहायचं ते मला माहीत होतं, आणि मी शून्य लिहिलं. अहवालाच्या बैठकीत चांगल्या कामाबद्दल तिघी जणींना शाल आणि नारळ मिळाला, त्यांत मी होते. टाळ्या झाल्या. नारळ मी वाटेतल्या एका झाडाखाली ठेवून दिला. शाल पेटीत आहे, अजून घडी मोडलेली नाही.

त्यानंतर मी खोटं बोलायचं सोडलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मोहगावच्या बाजूला एक बाई आठव्यात होती, अंगात रक्त नाही, तोंड सुजलेलं. तिच्या सासूनं विचारलं, कितवा? मी म्हटलं, आठवा आहे, पण जावंच लागेल, नाहीतर जीव जाईल. माझी एक पोरगी अशीच गेली, हेही सांगितलं. सासूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, खरं सांगितलं बरं केलं, आता नववा लागेपर्यंत घराबाहेर पाऊलच टाकू देत नाही. मी पाया पडायची बाकी राहिले. तीन दिवसांनी त्यांनी नेलं तेव्हा उशीर झाला होता. बाई वाचली, मूल गेलं. खोटं बोलले तर तसं, खरं बोलले तर असं. तेव्हापासून मला असं वाटतं की त्या दारात माझ्याजवळ कधी कोणता शब्दच नव्हता. कोणी म्हणेल, आता पांढुर्णा जिल्हा झाला, रस्ते झाले, गाड्या आल्या, सुधारेल. सुधारो. वेस मात्र आहे तिथेच आहे, आणि कोणी बाई आजही उंबऱ्यात बसून पेरं मोजत असेल.

ज्यांना मी शिकवलं होतं त्या नव्या पोरींना मी शोधून शोधून सांगितलं की ती युक्ती विसरा. एकीनं विचारलं, मग मॅडम, आठव्यात काय सांगायचं?  तीही आता मोठी झाली आहे, काय सांगते मी विचारत नाही.

निवृत्त झाल्यावर मी दोनदा बेबीबाईकडे जायला निघाले. दोन्ही वेळा सौंसरच्या बसस्थानकापर्यंत गेले, बस लागलेली होती, कंडक्टर ओरडून बोलवत होता. मी बाकावर बसून राहिले आणि बस गेल्यावर घरी आले. तिच्यापर्यंत एक निरोप पोचवायचा आहे, की तुझी पोरगी बरोबर सांगत होती. तिला दिवस मोजता येत होते. ती शहाणी होती. तू तिचं ऐकायला हवं होतंस असं मी म्हणत नाही, तुला तिचं ऐकता येऊ नये अशी सोय मी करून ठेवली होती. हे तिला फोनवर सांगण्यासारखं नाही.

या अंकासाठी बाळंतपणांचे गमतीचे अनुभव लिहा, असं संपादकांनी मला सांगितलं होतं. आबाजींचं पान आणि उंदराचा चिंचोका मी त्यासाठीच लिहिला. बाकीचं त्याच्या मागे आपोआप आलं, आणि आलं म्हणून राहू दिलं. अंक छापून आला की एक प्रत घेऊन मी त्या बसमध्ये बसणार आहे. बेबीबाईला वाचता येत नाही. मलाच वाचून दाखवावं लागेल.